चोंद्याचं नाक

गाठोड्याची गाठ सुटली आणि चोंद्याने दोन्ही हात झटकन मागे घेतले.

गाठोडं नेहमीचंच होतं. हॉटेलातून आलेलं. टेबलांवरची कापडं, आचाऱ्यांचे अ‍ॅप्रन, हात पुसायचे नॅपकिन, सगळं एका चादरीत कोंबून बांधलेलं. आत उंदीर-बिंदीर मेलाय की काय म्हणून त्याने काठीने ढोसून पाहिलं. उंदीर नव्हता. नुसते कपडे होते, तेलकट, ओलसर, बांधून ठेवल्याने आतल्या आत आंबलेले, आणि त्यांतून काहीतरी उठून थेट त्याच्या कपाळात शिरत होतं. हे काय आहे ते कळायला त्याला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याने भिंतीचा आधार घेतला. हा वास होता.

"काय झालं, भाऊ?" इस्त्रीच्या टेबलामागून मावशींनी विचारलं.

"काही नाही. टाचणी टोचली."

"रक्त आलं?"

"नाही हो. चालू द्या तुमचं."

मावशींनी आपलं चालू दिलं. लाँड्रीच्या ह्या मागच्या खोलीत मळके कपडे निवडायचं काम कित्येक वर्षं एकट्या चोंद्याचं होतं. नव्याने लागलेली माणसं इथे टिकत नसत. हॉस्पिटलच्या चादरी, व्यायामशाळेतले टॉवेल, हॉटेलची ही गाठोडी. तोंडाला फडकं बांधूनही त्यांना उमासे येत आणि जेवणाच्या सुट्टीत गेलेला माणूस परत येत नसे. चोंद्या मात्र त्याच ढिगाशेजारी स्टूल ओढून डबा खायचा. त्याचं नाक लहानपणी वाहायचं आणि मिसरूड फुटल्यापासून बंद पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं आणि बाकी जगाने त्याचा चोंद्या करून टाकला. लग्नही जुळलं नाही. त्याच्या घोरण्याची कीर्ती त्याच्याआधी मुलीकडे पोचायची.

ऑपरेशन त्याने वासासाठी करून घेतलंच नव्हतं. झोपेत श्वास अडकायचा, कपाळ ठणकायचं, म्हणून तो नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी नाकात नळी घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. सोललेल्या द्राक्षांचे घोसच्या घोस, ओले, राखाडी, एकमेकांवर रेललेले. पॉलिप म्हणतात त्यांना, बाई म्हणाल्या. हे सगळं आपण आपल्या चेहऱ्यात घेऊन फिरतोय हे पाहून चोंद्याला अशी शिसारी आली की त्यानंतर त्याने द्राक्षाला हात लावला नाही. बाईंनी ते घोस काढले आणि मोकळ्या झालेल्या जागेत दोन्ही बाजूंना एकेक बारीक, जाळीदार स्प्रिंग बसवली. ती स्प्रिंग वाट मिटू देत नाही, स्वतःच्या अंगातलं औषध थोडं थोडं सोडत राहते, म्हणजे सूज उतरते आणि द्राक्षं परत धरत नाहीत. काम झालं की आपली आपण विरघळून जाते, काढायचीही कटकट नाही. वासाचं विचारलं तेव्हा बाईंनी हात वर केले. इतकी वर्षं गेलीत, येईलही, न येईलही.

तर तो आला होता, आणि येताना सगळी घाण बरोबर घेऊन आला होता.

माणसाला वास परत आला तर त्याने फुलं हुंगावीत, साबण हुंगावा. चोंद्यानेही साबण हुंगला. त्याला तो जळक्या रबरासारखा लागला. सुगंधी म्हणून ज्याची ख्याती होती त्या स्टार्चला आजारी माणसाच्या तोंडासारखा वास येत होता. चांगले वास अजून वाटेत कुठेतरी अडकले होते, घाणीला मात्र थेट प्रवेश होता. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये शेजारच्या माणसाच्या कॉलरचा वास आला, पुढच्याच्या डोक्याचा आला, दांड्याला धरून धरून माणसांनी जो काही थर चढवला होता त्याचा आला. गटार ओलांडताना त्याने नाक दाबलं आणि दाबलेल्या बोटांना हॉटेलातल्या तेलाचा वास येत होता. खोलीत जाऊन तो पलंगावर पडला आणि लगेच उठून बसला. उशी. त्याची स्वतःची उशी. तो ती दोन बोटांनी धरून जिन्याखाली टाकून आला. आपण इतकी वर्षं असे राहत होतो आणि एकानेही सांगितलं नाही, ह्याची त्याला लाज वाटली, आणि रागही आला.

आणि मग, चप्पल पायात सरकवताना, त्याला दादाची आठवण झाली. खाली जायची वेळ झाली होती.

दादा खालच्या मजल्यावर राहायचा, वहिनींबरोबर. लाँड्री त्यानेच उभी केली होती आणि ती त्याच्या नाकावर उभी होती असं लोक म्हणत, ते खोटं नव्हतं. धुऊन, वाळवून, इस्त्री करून झालेलं प्रत्येक कापड दादा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी नाकाशी न्यायचा, कॉलरपाशी एकदा, काखेपाशी एकदा. डोळ्याला धुतलेलं दिसतं, म्हणायचा, नाकाला कळतं. कधी त्याच्या पायजम्याची इस्त्री मोडली नाही की कुणाला त्याची बनियन दिसली नाही. अशा माणसाच्या आतड्याला गाठ धरली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. पण आतड्याचं तोंड डॉक्टरांनी पोटावर काढलं, कायमचं, आणि तिथे चिकटवायला पिशवी आली. जे माणूस चार भिंतींआड करतो ते दादाच्या पोटावर, सदऱ्याखाली, त्याला न विचारता, केव्हाही होऊ लागलं.

सुरुवातीला ती पिशवी वहिनी बदलायच्या. एकदा, एकदाच, बदलता बदलता त्यांचा हात नाकाशी गेला. दादाने पाहिलं. एवढ्या वर्षांचा संसार एका बाजूला आणि तो हात एका बाजूला. त्या दिवसापासून दादाने जेवण सोडलं. भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं ताट पुढे सरकवायचा. खाल्लंच नाही तर पिशवी भरणार नाही, असा त्याचा साधा हिशोब. गालांची हाडं वर आली, डॉक्टरांनी दम भरला, वहिनी पायाशी बसून रडल्या, दादा ढिम्म. शेवटी चोंद्या म्हणाला, आण इकडे, मी बदलतो, मला काय कळतंय. दादाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच रे. तुझं नाक म्हणजे भिंत," तो म्हणाला आणि त्या दुपारी जेवला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. संध्याकाळी दुकानातून आल्यावर चोंद्या दादाच्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा, दुकानातल्या गमतीजमती सांगत पिशवी काढायचा, धुवायचा-पुसायचा, नवी लावायचा. दादा समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा, खाली कधीच नाही. आणि जेवायचा, कारण जेवणं आता परवडत होतं. वहिनींनी चोंद्याचे हात हातात घेऊन म्हटलं होतं, भाऊजी, तुमच्या नाकानेच ह्यांना जगवलं.

चोंद्या जिना उतरला. दाराबाहेर उभं राहून त्याने तोंड उघडलं आणि तोंडाने श्वास घ्यायची तालीम केली. तसा तो जन्मभर तोंडानेच श्वास घेत आला होता, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसणार नव्हतं.

"आलास?" दादा म्हणाला. "वासाचं काय म्हणाली होती रे डॉक्टरीण?"

"छे. ते काही जमायचं नाही म्हणाली. नाद सोडा म्हणाली."

"जाऊ दे. श्वास तर सुटला."

"हो ना."

त्याने पाणी कोमट करून आणलं, जुनं फडकं घेतलं, सदरा वर केला आणि पिशवीची चिकटपट्टी कडेने सोडवली. तोंडाने घेतलेल्या श्वासालाही वास असतो हे त्याला तेव्हा कळलं. तो घशाच्या मागून वर चढतो. हॉटेलाचं गाठोडं त्याच्यापुढे अत्तर होतं. आंबट, गोडसर, कोमट; आणि कोमटपणाच सगळ्यांत वाईट, कारण त्यामुळे कळत होतं की हे आत्ताच, एका माणसातून, आपल्या माणसातून आलंय. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. त्याने ते गिळलं. वास त्याच्याबरोबर खाली गेला.

"मग? दुकानात काय?" भिंतीकडे बघत दादाने विचारलं.

"दुकानात..." चोंद्या म्हणाला. "दुकानात मावशींनी आज एका साहेबाच्या पँटच्या खिशातून कवळी काढली."

"कवळी?"

"खालची. धुऊन, इस्त्री करून निघाली. कडक."

दादा हसला. हसताना पोट हललं आणि पोटावरच्या त्या लाल तोंडातून आणखी थोडं बाहेर आलं. चोंद्याने ते पुसलं. पुसताना तो मनात एकच गोष्ट म्हणत होता, हा माझा दादा आहे, हा माझा दादा आहे. आणि नाक म्हणत होतं, असेल.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आठवडाभर त्याने तो खाल्ला. संध्याकाळ जवळ आली की तो दुकानात काही ना काही काम काढून बसायचा. रात्रीचं जेवण त्याने बंदच केलं, भूक नाही सांगून. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला दादाचीच किळस यायला लागली, पिशवीची नव्हे, सबंध दादाची. दिवसा समोर बसून तो पेपर वाचत असला तरी. त्याच्या खोकण्याची, त्याच्या स्वच्छ कापलेल्या नखांची, चहाच्या कपाला लागलेल्या त्याच्या ओठांची. ज्या माणसाने त्याला मांडीवर बसवून अक्षरं गिरवायला शिकवली त्याच्या कपाला हात लावायला त्याला नको वाटे. अशा विचारांचं काय करायचं, ते कुठे टाकून यायचे, हे त्याला कळेना.

डॉक्टरीणबाईंकडे तपासणीसाठी जायचं होतं तेव्हा तो मनाशी ठरवून गेला.

"त्या स्प्रिंगा काढता येतील?" खुर्चीत बसल्या बसल्या त्याने विचारलं.

"येतील. पण त्या आपोआप विरघळणार आहेत. टोचतायत?"

"नाही."

"रक्त येतंय?"

"नाही. वास येतोय."

बाईंनी हातातली नळी खाली ठेवली आणि त्या एकदम खूश झाल्या. "कधीपासून? अहो, मग सांगत काय नाही? माझ्याकडे लोक ह्याच्यासाठी रडतात."

"काढल्या तर जाईल का तो?"

"काय जाईल?"

"वास."

"स्प्रिंगमुळे वास येत नाहीये. स्प्रिंग फक्त वाट उघडी ठेवते आणि औषध सोडते. ती काढली तर ते पॉलिप परत वाढायची भीती आहे, बस्स."

"मग वाढू दे की."

"असं कसं म्हणता?"

चोंद्याला खरं सांगता आलं असतं. पण दादाच्या पोटावरची गोष्ट एका परक्या बाईला सांगायची म्हणजे दादाचा सदरा सगळ्यांदेखत वर करण्यासारखं होतं. बाईंनी समजुतीच्या आवाजात सांगितलं की सुरुवातीला सगळे वास घाणेरडेच येतात, नाक शिकतं हळूहळू, धीर धरा. आणि धीर देता देता त्यांनी नळी आत सारून नाकात साठलेल्या खपल्या आणि घट्ट झालेला पिवळा शेंबूड ओढून काढला. काचेच्या बाटलीत तो सरसर जाताना चोंद्याला दिसला. भीक नको पण कुत्रं आवर म्हणून गेला होता. बाहेर पडला तेव्हा नाक पहिल्यापेक्षा दुप्पट मोकळं होतं.

त्या संध्याकाळी खोलीत शिरताक्षणी वासाने त्याला दारातच गाठलं. डोळ्यांत पाणी आलं. त्याने काम घाईघाईने उरकलं. नवी पिशवी लावली, तळहाताने दाबून धरली, चिकटल्यावर सोडली. दादाला कुशीवर वळवून खालची चादर काढली, कपाटातून धुतलेली चादर घेतली, तिची घडी मोडली, नाकाशी नेली, झटकली आणि अंथरायला वाकला.

वाकलेला असतानाच त्याच्या लक्षात आलं. चादर त्याने हुंगली होती. पोरसवदा असताना दादाने कान पिळून लावलेली ही सवय नाकाबरोबरच गेली होती, आणि नाकाबरोबरच, न विचारता, परत आली होती. त्याने हळूच मान वर केली. दादा कुशीवर होता, भिंतीकडे बघत होता, डोळे अर्धे मिटलेले. त्याने पाहिलं नव्हतं. चोंद्याला हायसं वाटलं आणि तो मुद्दाम जोरात घोगऱ्या आवाजात खाकरला, नाक चोंदलेला माणूस खाकरतो तसा.

"सर्दी आहे अजून?" दादाने विचारलं.

"कायमचीच की ती."

"हं," दादा म्हणाला.

त्यानंतर मात्र गोष्टी सुधारल्या. बाई खोटं बोलल्या नव्हत्या, नाक शिकत होतं. संध्याकाळचा वास रोज थोडा थोडा पुसट होत गेला. आधी त्यातला तो तिखट, डोळ्यांत जाणारा भाग गेला, मग आंबटपणा गेला. पिशवीही हलकी लागायला लागली; कधी कधी तर नुसती पाण्यासारखी, जवळजवळ रिकामी. चोंद्याने रात्रीचं जेवण परत सुरू केलं. माणूस कशालाही सरावतो, असं तो स्वतःशीच म्हणायचा आणि त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायचा. दादाबद्दलची ती किळसही ओसरली. एकदा त्याच्या कपातला उरलेला घोटभर चहा त्याने पिऊन पाहिला. जमलं.

दुकानातही त्याची चैन झाली. एकदा मावशींनी इस्त्री केलेल्या टॉवेलांची चळत त्याने नाकाशी नेली आणि परत धुवायला टाकली.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "तुम्हाला वास येतो?"

"कुणाला सांगू नका."

"ही लपवायची गोष्ट आहे? दादांना केवढा आनंद होईल."

"मावशी, सांगू नका म्हटलं ना."

मावशींनी सांगितलं नाही. कुणीच काही सांगितलं नाही.

रविवारी दुकान बंद असायचं. जेवणाच्या वेळेला चोंद्या खाली आला तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि एका ताटातलं अन्न चमच्याने खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या. चमचा जरा जास्तच जोरात वाजत होता.

"काय झालं, वहिनी?"

"तुम्हीच विचारा तुमच्या भावाला. माझं काही ऐकत नाहीत."

"का?"

"का म्हणजे? अंडं नको. मासा नको. कांदा नको, लसूण नको, कोबी तर समोर आणायचा नाही. मी म्हटलं, बरं, पथ्य असेल. मऊ भात केला. तर आता तोही नको, दोन घास. परवापासून नुसत्या पाण्यावर आहेत. सदरा बघितलात? खुंटीला टांगल्यासारखा दिसतो अंगावर."

"कधीपासून?"

वहिनींनी हात पुसले आणि आठवून सांगितलं. "तुम्ही तपासणीला गेला होतात ना, बाईंनी नाक धुऊन दिलं तुमचं, त्याच रात्रीपासून. मला वाटलं, तुमच्याशी काही बोलणं झालं की काय."

चोंद्या तिथेच स्टुलावर बसला. डब्यातून भाताचा वास येत होता. साधा, चांगला वास होता. परत आलेल्या नाकाने दाखवलेला पहिला चांगला वास, आणि तो कचऱ्यातून येत होता. वास कमी झाला तेव्हा आपण खूश झालो, हे त्याला आठवलं. पिशवी रिकामी लागली तेव्हा आपण बरं वाटून जेवलो. समोर माणूस झिजत होता आणि आपण म्हणत होतो, नाक शिकतंय. इतक्या दिवसांत त्याला गाठोड्यांची आली, उशीची आली, दादाची आली, पण अशी किळस कशाचीच आली नव्हती. ती धुऊन काढायला कोमट पाणी नव्हतं.

"अंडी आहेत?" त्याने विचारलं.

"आहेत."

"दोन करा. कांदा घालून. भरपूर."

"ते खाणार नाहीत, भाऊजी."

"करा तुम्ही."

ताट घेऊन तो खोलीत गेला आणि पायाने दार लोटलं. दादा उशांना टेकून बसला होता. वहिनी म्हणाल्या ते खरं होतं. गळ्याशी सदरा आणि मान यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट पडली होती. रोज संध्याकाळी ह्या सदऱ्याला हात लावूनही ती त्याला दिसली नव्हती.

"नको रे," ताट बघून दादा म्हणाला. "पोटाला झेपत नाही हल्ली."

"खोटं बोलू नकोस."

"झेपत नाही म्हणतोय ना."

"दादा, मला वास येतो."

दादाने पांघरुणाची कड सारखी केली. मग पुन्हा एकदा केली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "चादर हुंगलीस तू."

"तू भिंतीकडे बघत होतास."

"बघत होतो. तू घडी मोडलीस आणि झटकायला क्षणभर उशीर केलास. तेवढ्यात काय करतात ते मला कळणार नाही? मीच शिकवलंय." थोडं थांबून तो म्हणाला, "त्याच्या आधीपासून येत होता?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू हेच केलं असतंस. आत्ता करतोयस तेच."

अंड्याचा आणि परतलेल्या कांद्याचा वास दोघांच्या मध्ये होता. दादाचं नाक नकळत तिकडे वळलं आणि त्याने ते मुद्दाम परत फिरवलं.

"कसा येतो?" भिंतीकडे बघत त्याने विचारलं. "खरं सांग."

"घाण."

"किती?"

चोंद्याने विचार केला. दोघेही धंद्यातले होते, मापाने सांगणं भाग होतं. "हॉस्पिटलची चादर उन्हाळ्यात बंद गाडीत राहिली तर येतो तसा. त्याहून थोडा वर."

"बरोबर," दादा म्हणाला. "तसाच येतो. ही म्हणते, अजिबात येत नाही. डॉक्टर म्हणतो, नवीन पिशव्यांना वास नसतो. सगळे मला वेड्यात काढतात. इतके दिवस मी एकटाच हुंगतोय हे." त्याने सदरा पोटावर खाली ओढला. "तुला किळस येत असेल."

"येते."

"माझी?"

"तुझीसुद्धा. मध्ये यायची. आता खा."

"खाल्लं तर आणखी येईल."

"येऊ दे. मी नाक मुरडेन, शिव्या देईन, वाटलं तर ओकेन. पण उपाशी मरून मला जेवू घालू नकोस. ते मला जमणार नाही."

दादाने चमचा उचलला. पहिला घास त्याने नाकाशी नेला, सवयीने, आणि मग तोंडात घातला. एक अंडं खाल्लं, दुसऱ्यातलं अर्धं खाल्लं, कांदा वेचून वेचून सगळा खाल्ला. चोंद्या समोर बसून होता.

तिसऱ्या प्रहरी दादाने त्याला हाक मारली. पिशवी सुटायला आली होती. चोंद्याने पाणी आणलं, फडकी आणली, दार लावलं. चिकटपट्टी सोडवताच कांदा आणि अंडं, आता ओळखू येणार नाहीत अशी होऊन, त्याच्या तोंडावर आली. ह्या वेळेला त्याने तोंडाने श्वास घेतला नाही. लपवायचं काही नव्हतं. त्याने तोंड वाकडं केलं, "अरे देवा" म्हणाला, भरलेली पिशवी बादलीत टाकली, स्वच्छ फडकं त्या लाल तोंडावर धरलं आणि पुसायला दुसरं घेणार तोच त्याच्या पोटातून जोराची उबळ वर आली. एक त्याने दाबली. दुसरी दाबता येईना. त्याने तोंडावर मनगट दाबलं आणि फडक्यावरचा हात सोडावा की सोडू नये अशा घोटाळ्यात तो तसाच वाकून राहिला.

"जा तू," दादा म्हणाला. "मी धरतो."

चोंद्याने त्याच्याकडे पाहिलं. दादाचा हात आधीच पुढे आला होता. त्या हाताला जागा कुठे ते ठाऊक नव्हतं. तो सदऱ्याच्या कडेपाशी अडखळला, पोटावरून सरकत आला आणि चोंद्याच्या बोटांवर येऊन थांबला. चोंद्याने आपली बोटं त्याच्याखालून काढून घेतली आणि न्हाणीघराकडे धावला.

तो ओकला. व्यवस्थित, आवाज करून, कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता. मग त्याने तोंड धुतलं, चूळ भरली, नाकावर गार पाणी मारलं. परत आला तेव्हा दादा तसाच बसला होता. एका हाताने त्याने सदरा वर धरला होता, दुसऱ्या हातात फडकं होतं, पण ते त्याने थोडं बाजूला घेतलं होतं. मान खाली घालून तो बघत होता.

"केवढं लाल आहे रे हे," तो म्हणाला. "असंच असतं?"

"असंच असतं."

"दुखत मात्र नाही."

"नाही दुखत म्हणतात."

दादा आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने बोटाला फडकं गुंडाळलं आणि कडेने, हळू, कॉलरवरचा डाग काढावा तसं पुसायला सुरुवात केली.

"पाणी गार झालंय," तो म्हणाला. "बदलून आण."